स्टाइल वाजते, पण वळवतं कोण?
'भारी अरेंजर कीबोर्ड घेतला की त्यातली स्टाइल, म्हणजे तयार साथच, सगळं वाजवते, वादकाला काम काय?' हे मला अर्धंच पटतं. ड्रम, बेस, गिटार मशीन सांभाळतं, कबूल. पण कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) कुठली, हे डावा हातच सांगतो ना! साधं बघा: सी, जी, ए मायनर. मधल्या जीखाली बी ठेवला तर बेस सी-बी-ए असा पायरीपायरीने उतरतो. यामाहा कीबोर्डच्या साध्या 'फिंगर्ड' मोडमध्ये तो सरळ जीवर उडी मारतो. 'फिंगर्ड ऑन बेस' (सगळ्यात खालचा सूर बेसला देणारा मोड) लावून करंगळी बीवर ठेवायची, झालं. सोय असूनही वापरणारे मोजकेच! आणि फिल-इन (दोन ओळींमधला ड्रमचा छोटा तुकडा) उशिरा, पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दावर दाबलं, की गायक वळून बघतोच. सॅक्सोफोनचा आवाज मात्र महागड्या मॉडेलचाच गोड, तिथे वाद नाही.