जावातल्या 'गेटफाइल'मधली फाइल म्हणजे नेमकं काय?

सांगलीकर: मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यांना हळदीच्या दराची पीडीएफ रोज आपोआप उतरवून ठेवणारा छोटा प्रोग्राम जावा या प्रोग्रामिंग भाषेत करून देतोय, लिंकच्या शेवटी हळद-दर डॉट पीडीएफ, मग प्रश्नचिन्ह आणि तारीख असं असतं. जावात लिंक हाताळायला यूआरएल नावाचा तयार क्लास आहे, त्याचं गेटफाइल हे फंक्शन वापरलं तर डोमेनच्या पुढचं सगळंच हातात येतंय, फोल्डर पण आणि तारीख पण. मग इथं फाइल या शब्दाचा अर्थ काय धरायचा?

कराडवाला: आपण कपाटातली किंवा कॉम्प्युटरवरची फाइल म्हणतो तो अर्थ इथं नाहीच. गेटफाइल म्हणजे पाथ (डोमेननंतर प्रश्नचिन्हाच्या आधीपर्यंतचं) अधिक क्वेरी (प्रश्नचिन्ह आणि त्यापुढचं), एवढंच. घोळ असा की जावाच्या कागदपत्रांत त्यालाच फाइल नेम म्हटलंय. हे दोन भाग वेगळे देणारे गेटपाथ आणि गेटक्वेरी जावाच्या १.३ आवृत्तीत, म्हणजे २००० साली आले, त्याआधी हे दोन्ही वेगळं मागायची सोयच नव्हती. तुम्ही गेटपाथ घ्या, त्यात लास्टइंडेक्सऑफ या फंक्शनने शेवटचा स्लॅश शोधा आणि त्याच्या पुढचा तुकडा सबस्ट्रिंग या फंक्शनने काढा.

सांगलीकर: जमलं दादा! पण नाव मराठीत असलं की नुसती टक्क्याची चिन्हं दिसतात.

सातारकर: ते एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं सांकेतिक रूपात लिहिणं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं आणि लिंकमध्ये एकेक बाइट टक्क्यासकट ३ अक्षरांत लिहितात, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार वेगळे धरून 'सांगली'ची ६ चिन्हं होतात आणि लिंकमध्ये तीच ५४ अक्षरं होऊन बसतात. यूआरएल क्लासचं गेटपाथ हे उलगडत नाही, जावातल्याच यूआरआय या दुसऱ्या क्लासचं गेटपाथ उलगडून देतं, नाव तेच पण काम वेगळं, आणि हे कुणीतरी ठळक लिहायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं. तसंही जावा २० पासून यूआरएलचे कन्स्ट्रक्टर (त्या क्लासची वस्तू तयार करणारे) डेप्रिकेटेड, म्हणजे वापरू नका असं सांगितलेले, आहेत, यूआरआयच वापरा. टक्क्याची चिन्हं उलगडणारा यूआरएलडीकोडर हा क्लास मात्र इथं नको, तो फॉर्मच्या डेटासाठी आहे, नावात अधिकचं चिन्ह असलं तर त्याची मोकळी जागा करतो.

कराडवाला: आणि लिंक स्लॅशवर संपली तर नाव रिकामं येतं बरं का, तेव्हा सर्व्हरच्या उत्तरासोबत येणारी कंटेंट-डिस्पोझिशन ही माहितीची ओळ (हेडर) बघा, खरं नाव बऱ्याचदा तिथं असतं.