अनुभव धागा : आमच्या गावात झालेली वाद्यसंगीताची मैफल

पऱ्हाटी

परवा तुरीच्या शेंगा सोलत बसले असताना आकाशवाणीवर सरोदवादन लागले आणि आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात झालेली सरोदची मैफल एकदम आठवली. गाव यवतमाळ जिल्ह्यातले, महिना पौषाचा आणि पटांगणामागेच नाला, त्यामुळे नऊ वाजायच्या आतच दव उतरू लागले होते. सरोदच्या पोटावर बकऱ्याचे कातडे ताणून बसवलेले असते आणि तबल्याची पुडीही कातड्याचीच असते, त्यामुळे हवेतली ओल धरली की दोन्ही वाद्यांचा स्वर उतरतो. तबलजी पुडीच्या कडेच्या चामडी गजऱ्यावर हातोडीचे ठोके देऊन तबला चढवत होते आणि तो पुन्हा पुन्हा उतरत होता. आम्ही गावकरी हाच कार्यक्रम समजून ऐकत होतो, आणि एकदा तर टाळ्याही पडल्या.

तेव्हा लग्नाकार्यात हलगी वाजवणारे आमच्या गावातले एक आजोबा उठून मंचापाशी गेले आणि म्हणाले, "कातडं गारठलं हाये, भाऊ. जराकसं शेका, मंग पाहा कसं बोलते थे." बाजूलाच पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांची, शेकोटी पेटलेली होती. तबलजींनी तबला आचेपासून हातभर दूर आडवा धरला, पुडीवरची काळी शाई तापून तिला भेगा पडू नयेत म्हणून तो सारखा फिरवत ठेवला आणि मधूनमधून चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, बोटाने टिचकी मारून नाद पाहिला. आजोबा शेजारी उकिडवे बसून प्रत्येक टिचकीला 'अजून नाही' अशी मान हलवत होते. स्वर मिळाल्याचे दोघांनाही एकाच क्षणी कळले आणि दोघेही एकदमच उठले.

खेड्यातल्या माणसाला शास्त्रीय वाद्यसंगीत कळत नाही, असे जे सर्रास बोलले जाते ते नेमके कोणाला पाहून बोलतात, हे मला आजवर उमगलेले नाही. तुमच्या गावी अशी मैफल झाली असेल तर इथे जरूर लिहावे.

बांधावरून

पऱ्हाटीताई, त्या टाळ्यांबद्दल अजिबात संकोच वाटू देऊ नका. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या मदतीसाठी जो कार्यक्रम झाला, त्यात पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी वाद्ये नुसती जुळवली, तेव्हा तिथल्या हजारो श्रोत्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या आणि रविशंकरांनी त्यावरून त्यांची गोड फिरकी घेतली होती. न्यूयॉर्कला जे चालले ते यवतमाळ जिल्ह्यात चालायला कोणाची हरकत नसावी.

ओलीत

आमच्याकडे, अकोला जिल्ह्यात, देवळाच्या ओट्यावर सतारीची मैफल होती आणि रात्री उशिरा मालकंस राग सुरू झाला होता. त्या आठवड्यात शेतीपंपाची थ्री फेज लाइन रात्री बारानंतर यायची आणि हरभरा ओलिताला आलेला होता. बाराच्या पुढे डीपीवरचा (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) दिवा लागलेला कोणाला तरी दिसला आणि बसलेल्यांपैकी निम्मे पुरुष हातात बॅटऱ्या घेऊन मुकाट्याने उठून गेले. सतारवादकांचा चेहरा उतरला, कारण आपले वादन लोकांना रुचले नाही असेच त्यांना वाटले. गत, म्हणजे तबल्याबरोबर वाजणारी रचना, संपल्यावर सरपंचांनी त्यांना लाइनचा सगळा हिशेब समजावून सांगितला, तेव्हा ते मोठ्याने हसले आणि माणसे गेली ते शेत कोणत्या दिशेला आहे, असे त्यांनी विचारले. मंडपवाल्याने देवळावरचा एक भोंगा काढून शिवाराकडे वळवून बांधला. मी स्वतः बाऱ्यावर, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेलो होतो. सरीत पाणी सोडून धुऱ्यावर बसलो की द्रुत गत पुरेशी स्पष्ट ऐकू येत होती, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणे) मात्र भोंग्यात हरवत होती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

पेटीवाला

ओलीतभाऊ, एक विचारायचे आहे. तानपुऱ्याची पहिली तार पंचमात लावलेली होती की मध्यमात?

ओलीत

मध्यमात, कारण मालकंसात पंचम येत नाही. हे ज्ञान माझे नव्हे, आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांनी ते शेजारच्याला कुजबुजत सांगितलेले मी ऐकले होते. तुम्ही लोक सगळीकडे सारखेच असता, असे दिसते.

मानवेल

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या आश्रमशाळेत एकदा बासरीवादनाचा कार्यक्रम झाला होता. वादन संपल्यावर मुलांनी एकच प्रश्न लावून धरला की बासरी आपल्या जंगलातल्या बांबूची आहे का. कलावंतांनी ती आसामकडच्या बांबूची असल्याचे सांगितल्यावर मुले नाराज झाली, कारण ज्या जिल्ह्यात चहूकडे बांबूच बांबू आहे तिथे बासरी इतक्या लांबून आणावी लागते, हे त्यांना पटेना. शाळेत टोपल्या पोहोचवणारे एक बुरूड काका तिथे उभे होते. त्यांनी बासरी हातात घेऊन टोकाकडून आत पाहिले, अंगठ्याने कडेची जाडी चाचपली आणि मुलांना समजावले की आपल्या मानवेलाची भिंत जाड असते, बरेचदा तो आतून भरीवच निघतो आणि त्याची पेरेही आखूड असतात, म्हणून त्याची काठी उत्तम होते, पण एवढी लांब आणि पातळ नळी त्यातून मिळत नाही. यावर कलावंतांनी सांगितले की पन्नालाल घोष (1911–1960) यांनी गायकीच्या अंगाने गंभीर आलापी करता यावी म्हणून साधारण 32 इंची मोठी बासरी घडवली आणि तिला शास्त्रीय मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले, त्यामुळे लांब पेराच्या बांबूवाचून आज निभावत नाही. वादन चाळीस मिनिटे झाले असेल, ही चर्चा त्याहून जास्त चालली आणि खिचडी गार झाली.

जुना मास्तर

सर्वांचे अनुभव वाचून आनंद झाला, तरी थोडा विरोधी सूर लावतो. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या गावी संतूरची मैफल झाली, तेव्हा आलाप सुरू होऊन अर्धा तास होण्याच्या आत अनेकजण झोपी गेले होते आणि जे जागे होते ते तबला केव्हा सुरू होईल, असे एकमेकांना विचारत होते. हीच माणसे झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत टक्क जागून पाहतात, म्हणजे बसण्याची सवय नाही असे मुळीच नाही. आलापात ताल नसतो, जोडमध्ये लय येते, झाल्यात ती वाढत जाते आणि तबला त्यानंतर गतीबरोबर येतो, एवढे जरी कोणी सुरुवातीला आपल्या बोलीत सांगितले असते, तरी वाट पाहण्यालाच गोडी आली असती. त्याऐवजी निवेदकाने वीस मिनिटे कलावंतांच्या पुरस्कारांची यादी वाचली. भरीस भर म्हणून साउंडवाल्याने इको चालू ठेवला होता. संतूरला शंभराच्या आसपास तारा असतात आणि प्रत्येक आघाताची आस मागे रेंगाळते, त्यात इकोची भर पडली की स्वर एकमेकांत पार कालवले जातात. वादकांनी खूण करकरून तो बंद करवला, पण तोवर आलाप संपत आला होता.

चूल

मास्तरकाका, तुमचे निवेदकाबद्दलचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. माझा अनुभव मात्र भिंतीपलीकडचा आहे. वर्ध्याजवळच्या आमच्या गावी व्हायोलिनची मैफल आमच्याच अंगणात झाली आणि कलावंत वादनाआधी जेवत नाहीत म्हणून रात्रीच्या जेवणाची सगळी तयारी आम्हा बायकांकडे होती. भाकरी थापताना मला आलाप ऐकू येत होता, वादक दिसत नव्हते. माझ्या सासूबाई वांगी चिरता चिरता थांबल्या आणि म्हणाल्या, "हे तं आपल्या दुपारच्या भजनाची चाल हाये." त्यांना रागाचे नाव माहीत नव्हते. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने त्यांनी आयुष्यभर म्हटली, त्यातल्याच एका चालीशी त्यांनी ते स्वर जुळवले होते. नंतर वाढताना मी वादकांना विचारले, तेव्हा त्यांनी भीमपलास सांगितला. तो तिसऱ्या प्रहरचा राग असूनही यजमानांच्या फर्माइशीवरून संध्याकाळी वाजवावा लागला, असेही ते जरा खंतावून म्हणाले. सासूबाईंनी मला नुसते कोपराने ढोसले.

पेटीवाला

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आम्ही माघात, तूर निघाल्यावर, गावी सतारवादन ठेवतो आहोत. लाइनचे वेळापत्रक पाहून तारीख ठरवणार आहोत आणि इको बंद ठेवायचे साउंडवाल्याला आधीच बजावले आहे. आणखी काही सुचवायचे असल्यास सांगावे.

चूल

कार्यक्रम दुपारी चारला ठेवा आणि गावचा बाजाराचा दिवस टाळा. आपल्याकडे मैफल नेहमी रात्रीच होते, त्यामुळे तेच ते मालकंस आणि दरबारी वाट्याला येतात आणि भीमपलास, मुलतानी, पटदीप हे दिवसाचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतच नाहीत. स्वयंपाक त्या दिवशी पुरुष मंडळींनी करावा. पाचशे माणसांचा भंडारा ते करतात, तेव्हा चार कलावंतांच्या भाकरी त्यांना जड जाऊ नयेत.

पेटीवाला

चार वाजता मान्य आहे. भाकरीचे मंडळाच्या बैठकीत मांडतो.