शाळेतल्या मुलांना स्की-स्नोबोर्ड शिकायला नेताना हेल्मेटपलीकडे काय बघावं?

खेळशिक्षिका

नमस्कार. मी शाळेत खेळ शिकवते. या हिवाळ्यात अकरा-बारा वर्षांची 24 मुलं घेऊन चार दिवस बर्फावर जायचं आहे. शिकवणारे प्रशिक्षक तिथलेच असतील, पण मुलांची जबाबदारी माझ्यावर आणि आणखी दोन शिक्षकांवर. मी स्वतः बऱ्यापैकी स्की करते, पण कधी कुणाला शिकवलेलं नाही. स्नोबोर्डवर तर पायही ठेवलेला नाही, आणि निम्म्या मुलांना तोच हवा आहे.

पालकसभेत एक वडील म्हणाले, "हेल्मेट आहे ना, मग झालं की." मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही आणि तेच डोक्यात घोळतंय. नियमांची यादी मिळेल मला कुठेही. ज्यांनी उतारावर मुलं सांभाळली आहेत त्यांनी सांगावं, तुमची नजर कशावर असते?

उतारावरचा

ताई, हेल्मेट हवंच, त्यात तडजोड नाही. भुवयांच्या वर दोन बोटं जागा राहील इतकं खाली, हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम एक बोट जाईल इतकं घट्ट, आणि आत जाड टोपी नाही. आतल्या लेबलवर ईएन 1077 किंवा एएसटीएम एफ 2040 हे स्की-हेल्मेटचं सुरक्षा मानक छापलेलं आहे का बघा. पण हेल्मेट कामाला येतं ते धडक झाल्यावर. धडक होऊच नये म्हणून मुलाला थांबता आलं पाहिजे. आपण सांगू तिथे, सांगू तेव्हा.

मुलांना शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या गटात दहा वर्षांची एक मुलगी होती. तिसऱ्या दिवशी छान घसरायला लागली. तिच्या मैत्रिणी वरच्या उतारावर गेल्या, ती रडवेली झाली, आणि मी तिला वर नेलं. शिकायच्या उतारावर ती रोज थांबत होती खरी, पण ती थांबत होती ते खाली जमीन सपाट व्हायची म्हणून. स्वतःहून ती एकदाही थांबली नव्हती आणि ते माझ्या नजरेतून सुटलं. वर ती सपाट जागा आलीच नाही. वेग वाढला तशी ती घाबरून मागे झुकली. मागे झुकलं की स्कीच्या पुढच्या भागावरचं वजन जातं, मग ना वळता येतं ना वेग कमी करता येतो. कडेच्या जाळीत जाऊन तिच्या नडगीचं हाड मोडलं. जाळीवर आदळेपर्यंत ती ओरडून विचारत होती, "सर, आता काय करू?" ते मला अजून ऐकू येतं.

तेव्हापासून उतार मी मुलाच्या थांबण्यावरून ठरवतो. दिवस कितवा, वय किती, मैत्रीण कुठे पोचली, यातलं काही धरत नाही. मूल घसरत असताना मध्येच, न सांगता "थांब" म्हणतो. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे मुलं ज्याला पिझ्झा म्हणतात ते करून जागच्या जागी थांबलं पाहिजे. मग डावीकडे वळून थांब, उजवीकडे वळून थांब. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते आणि ती लपवत मुलं दिवसच्या दिवस काढतात. दहा हाकांना दहा वेळा थांबलं तर वर. नऊ वेळा थांबलं तर उद्या बघू.

आता बूट. तुमचा सगळ्यात जास्त वेळ पहिल्या सकाळी बूट देतात त्या खोलीत जाऊ द्या. गर्दी, घाई, आणि कुणीतरी म्हणतं, "थोडे मोठे आहेत, पण चालतील." नाही चालत. सैल बुटात पाय आधी फिरतो आणि स्की नंतर, म्हणजे मुलानं केलेलं वळण स्कीपर्यंत पोचतच नाही. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघे वाकवले की किंचित सुटावा, टाच मात्र उचलली जाऊ नये. मोजा एकच आणि पातळ. विजारीचं टोक बुटात खुपसलेलं नको. तासाभरात नडगी सोलवटते आणि मूल बुटाचे क्लिप गुपचूप सैल करून टाकतं.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. तिचा आकडा, म्हणजे पडल्यावर किती जोर आला की स्की बुटापासून सुटेल तो, वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की किती येतं यावरून तिथला माणूस लावतो. तो तुम्ही किंवा मुलांनी फिरवायचा नाही. पण मुलं चारचौघांत वजन खोटं सांगतात, या वयात तर हमखास. घरी मोजून कागदावर लिहून आणायला सांगा आणि तो कागदच त्या माणसाच्या हातात द्या. आणि प्रत्येकाच्या स्कीवर नावाची रंगीत पट्टी चिकटवा. दुपारच्या सुटीत बाहेर ठेवलेल्या एकसारख्या जोड्या अदलाबदल होतात आणि चाळीस किलोचा मुलगा पंचावन्न किलोच्या मुलाची बाइंडिंग लावून निघतो. मग पडल्यावर स्की सुटत नाही, गुडघा पिळवटतो.

पहिले एक-दोन दिवस हातात काठ्या नकोत. मुलं त्यांच्यावर रेलतात, आणि काठी धरून पडलं की अंगठ्याचा सांधा दुखावतो.

बोर्डवाली

स्नोबोर्डचं मी सांगते, मुलांना तोच शिकवते. यात भीती मनगटाची. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, आणि स्नोबोर्डची बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटत नाही. त्यामुळे तोल गेला की हात आपसूक पुढे जातो आणि सगळं अंग तळव्यावर येतं. नवशिक्यांमध्ये सर्वांत जास्त इजा मनगटालाच होते. मनगटाचे गार्ड पहिल्या दिवसापासून सक्तीचे करा, उसने मिळाले तरी चालतील.

पहिला तासभर मी फक्त पडायला शिकवते, बोर्ड न बांधता. पुढे पडायचं तर आधी गुडघे, मग मुठी मिटून कोपरापर्यंतचा हात. मागे पडायचं तर खाली बसत जायचं, हनुवटी छातीला, हात मागे टेकायचे नाहीत. मुलं वाईट आपटतात ती बोर्डची उताराकडची कड बर्फात रुतल्यावर. काही कळायच्या आत मूल जमिनीवर असतं, मागे पडलं तर डोक्यावर. म्हणून बोर्ड उताराला आडवा ठेवून, वरच्या कडेवर उभं राहून, झाडाचं पान गळताना डोलतं तसं डावीकडे-उजवीकडे उतरायचा सराव आधी. वळणं नंतर.

आणखी एक. बोर्डवर माणूस आडवा उभा असतो, म्हणून पाठीमागची बाजू त्याला दिसतच नाही. स्की आणि बोर्डची मुलं पहिले दोन दिवस एकाच अरुंद उतारावर सोडू नका.

अस्थिचिकित्सक

वर दोघांनी नीट सांगितलंच आहे, मी थोडंच जोडतो. डोकं आपटलं आणि त्यानंतर डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं, डोळ्यांना उजेड सहन न होणं यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी बर्फावर परत जायचं नाही. मूल "मी बरा आहे" म्हणालं तरी नाही. डॉक्टरला दाखवायचं. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला.

ऊन विसरू नका. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतो आणि दर 1000 मीटर उंचीला ती साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. ढगाळ दिवशीही गॉगल हवाच, नाकाखाली आणि हनुवटीखालीही सनस्क्रीन. मुलांच्या जोड्या लावा आणि एकमेकांच्या गालावर, नाकावर पांढरा डाग दिसतो का बघायला सांगा. तो हिमदाह असू शकतो, आणि ज्याला होतो त्याला स्वतःला कळत नाही. चोळायचं नाही, आत नेऊन ऊब द्यायची.

खेळशिक्षिका

तिघांचेही मनापासून आभार. वजनाचा कागद आणि रंगीत पट्ट्या आजच यादीत घातल्या. दोन शंका. खुर्चीच्या लिफ्टवर मुलं कशी बसवायची? आणि माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं आहे की ज्याला येतं त्याला इतरांसाठी का अडवायचं?

उतारावरचा

लिफ्टला पाठीवरची सॅक काढून मांडीवर, मफलर नको, मोकळे केस आत. खुर्चीत पूर्ण मागे सरून बसायचं आणि लगेच दांडा खाली. मोठं माणूस प्रत्येक खुर्चीत हवं. नीट बसता आलं नाही तर चढायच्या जागीच खुर्ची सोडून आडवं पडायचं. लटकून वर जायचं नाही, हे नवशिक्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याजवळ जमिनीवरच चार वेळा करून घ्या.

दुसऱ्या शंकेवर तुमच्या सहकाऱ्यांशी मी सहमत आहे. अडवू नका, गट बदला. रोज सकाळी गट नव्यानं करा, म्हणजे खालच्या गटात राहिल्याची लाजही उरत नाही. मात्र वर जाणाऱ्याला एक नियम तोंडपाठ हवा. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे 1967 पासूनचे दहा आचारनियम आहेत, त्यातला तिसरा: वरून येणाऱ्यानं खालच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडायची. मी मुलांना सांगतो, पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात, तुझे डोळे त्याचे. आणि गट थांबला की येणाऱ्या प्रत्येकानं सर्वांच्या खाली, कडेला जाऊन थांबायचं. वर थांबायला गेलं आणि चुकलं तर अख्खी रांग आडवी होते.

अजून एक राहिलं. "आता शेवटची फेरी" असं मुलांना कधीच सांगू नका. पाय थकलेले असतात, बर्फ दिवसभरात खरवडून कडक झालेला असतो, आणि शेवटची म्हटलं की सगळी जीव तोडून सुटतात. माझ्या गटाला ती शेवटची होती हे कळतं तेव्हा आम्ही खाली बसून बुटाचे क्लिप सोडत असतो.