टिकाऊ टोस्टर कोणता घ्यावा? मदत हवी आहे

गेल्या ४ वर्षांत आमचे २ पॉप-अप टोस्टर गेले. पहिल्याचा दांडा दाबला तरी खाली राहीना. तो धरून ठेवणारं विद्युतचुंबकच निकामी झालं होतं. दुसऱ्यात अभ्रकाच्या पट्टीवर गुंडाळलेली नायक्रोमची, म्हणजे तापून ब्रेड भाजणारी तार तुटली, मग ब्रेड एकाच बाजूने भाजायचा. सुटा भाग मिळाला नाही. एवढ्याशा तारेपायी अख्खी वस्तू टाकून द्यावी लागली, याचं फार वाईट वाटतं.

आता टिकणाराच घ्यायचाय. रोज ८-१० स्लाइस होतात. स्टीलच्या बॉडीने खरंच आयुष्य वाढतं का, की सगळं आतल्या तारेवरच असतं? डिजिटल बटणांपेक्षा साधा फिरवायचा टायमर मला बरा वाटतो. चुऱ्याचा ट्रे मात्र निघणाराच हवा. कुणाकडे ७-८ वर्षं चाललेला टोस्टर असेल तर कृपया मॉडेल सांगा.