रोज बायबल का वाचायचं आणि सुरुवात कुठून करायची?

मुलुंड_फास्ट:
सर्वांना सलाम. बरेच दिवस विचारायचं होतं, आज विचारतेच. आम्ही मूळचे नगरकडचे, आता मुलुंडला. घरात पवित्र शास्त्र आहे, संडे स्कूल झालं, तेव्हाची वचनं अजून तोंडपाठ आहेत, पण स्वतःहून सलग असं वाचन काही नाही. रविवारी पाळकसाहेब जो उतारा घेतात तो ऐकते, मनाला लागतोही, मग सोमवारपासून लोकल, ऑफिस, मुलाची शाळा सुरू. मंडळीत परत परत सांगतात रोज वाचा, रोज वाचा. पण रोजच का? रविवारी नीट लक्ष देऊन ऐकलं तर पुरत नाही का? आणि वाचायचंच तर उत्पत्तीपासून सुरू करू का, कारण कुठलंही पुस्तक आपण पहिल्या पानापासूनच वाचतो ना. घरातलं भाषांतर जुनं आहे, अर्थ लागतो पण वेग येत नाही. सकाळी ७.४० ची फास्ट असते, त्याआधी डब्याची घाई, म्हणून पहाटे चारला उठा असं प्लीज सांगू नका, खरंच जमेल असं सांगा.

भायखळ्याचे_काका:
ताई, सलाम. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रेषितांच्या कृत्यांत १७ व्या अध्यायातच आहे. प्रेषित पौल बिरुया गावाला गेला, तिथल्या लोकांनी त्याचा उपदेश मोठ्या उत्सुकतेने ऐकला, आणि तरीही हा सांगतोय ते तसंच आहे का हे बघायला ते रोज शास्त्र उघडून शोध करत होते. आता बघा, उपदेश करणारा प्रत्यक्ष पौल, आणि तरी ते घरी जाऊन तपासतायत, आणि ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने त्यांची तारीफच केलीय. म्हणजे ऐकणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

दुसरं म्हणजे रविवारी आपल्याला निवडलेला तुकडा मिळतो, त्याच्या आगेमागे काय होतं ते राहूनच जातं. मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, ५ वा अध्याय घ्या. याईरची मुलगी उठली हा उपदेश आपण सगळ्यांनी ऐकलाय. पण सलग वाचलं की दिसतं, याईर पाया पडून विनवतोय, मुलगी मरायला टेकलीय, येशू निघाला, आणि वाटेत गर्दीत त्या रक्तस्रावी बाईसाठी थांबला. बारा वर्षं आजारी असलेली बाई, आणि घरी पडलेली मुलगीही बारा वर्षांची. बाई घाबरत घाबरत सगळं सांगतेय, येशू शांतपणे ऐकून घेतोय, आणि याईर बाजूला उभा आहे. त्याच्या मनात काय चाललं असेल ते मार्क एका शब्दाने सांगत नाही. तेवढ्यात घरून निरोप येतो की मुलगी गेली. मग पुढे येशू घरी जातो, तिचा हात धरून उठवतो, आणि शेवटी काय सांगतो तर तिला काहीतरी खायला द्या. मला हे फार मोठं वाटतं, एवढा चमत्कार झाला, सगळे थक्क होऊन बघतायत, आणि पोरीला भूक लागली असेल हे त्यालाच आठवतं. असं काही स्वतः वाचताना सापडलं की ते कायमचं आपलं होतं.

सुरुवात उत्पत्तीपासून करू नका, मार्कपासून करा. १६ अध्याय, चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात लहान, आणि घटना भराभर पुढे जातात. नारायण वामन टिळकांचं माहीत असेल, १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला आणि वाचायला सांगितलं. ते मत्तयातल्या गिरिप्रवचनाशी म्हणजे ५ ते ७ अध्यायांशी आले आणि तिथून पुढे त्यांना ते सोडवेना. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा आपल्या मुंबईतच झाला. सांगायचं हे की तीन अध्यायांनी माणूस हलला, सगळं बायबल आधी संपवायची अट कुठेच नाही.

भाषेचं म्हणाल तर जुनी प्रत ठेवा पण रोजच्यासाठी सोप्या मराठीतली घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना कळावं म्हणूनच. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. आयुष्याची एवढी वर्षं त्यांनी ज्यासाठी घातली ते आपण कपाटात ठेवायचं का?

शिफ्टवाली_सिस्टर:
काकांचं पटलं. मी नर्स आहे, परळला, महिन्यातून बऱ्याच नाइट असतात त्यामुळे सकाळी शांत वेळ वगैरे माझ्या आयुष्यात बसत नाही. ताई, वेळ कुठली हे महत्त्वाचं नाही, ठरलेली असणं महत्त्वाचं आहे. मी ड्युटी संपल्यावर चेंजिंग रूममध्ये बूट काढायच्या आधी एक स्तोत्र वाचते, बास. एकूण १५० आहेत, ११९ वं सोडलं तर बहुतेक छोटी, ११७ वं तर दोनच वचनांचं आहे.

आणि रोज का, याचं माझ्यापुरतं उत्तर सांगते. नुसतं आवडीचं वाचलं की आपण २३ आणि ९१ वरच फिरत राहतो. क्रमाने रोज वाचलं की ८८ वं पण येतं, ज्याच्यात शेवटपर्यंत उजेड नाही, शेवटचा शब्दच अंधाराचा आहे, कुणी त्यावर उपदेश केलेला मी तरी ऐकला नाही. वॉर्डात एखादी वाईट रात्र गेली की 'सगळं चांगलं होईल' हे मला म्हणवत नाही, पण ते स्तोत्र देवापुढे म्हणवतं, कारण ते त्याच्याच पुस्तकात आहे. आणि हे मला माहीत होतं कारण चांगल्या दिवसांत मी ते वाचून ठेवलेलं. संकट आल्यावर पुस्तक चाळत बसायचं त्राण नसतं हो, आधी आत गेलेलं असेल तेच वर येतं.

तुमच्या धावपळीसाठी मार्क ६ मधलं ३१ वं वचन बघा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी गर्दी की शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा येशू म्हणतो एकांतात चला, थोडा विसावा घ्या. ते होडीतून जातात तर लोक चालत आधीच तिथे हजर. तेव्हा एकांत नाही मिळाला म्हणून वाचन नाही असं करू नका.

एक वर्ष_पूर्ण बायबल:
थोडं वेगळं मत मांडतो. मार्कपासून सुरुवात ठीक आहे पण तिथेच राहू नका, जुना करार वाचल्याशिवाय नवा अर्धाच कळतो. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीन-चार अध्याय वाचले की वर्षात होतं. स्कॉटलंडच्या मॅकचेन नावाच्या पाळकांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी एक तक्ता केला होता, रोज चार ठिकाणचं वाचन, त्यात वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा होतात, तो अजून जगभर चालतो. युव्हर्जन अ‍ॅपवर मराठी बायबल आहे, तिथे असे प्लॅन लावता येतात.

शिफ्टवाली_सिस्टर:
दादा, प्लॅन चांगलाच आहे पण सुरुवातीलाच नको असं मला वाटतं. चार दिवस राहिले की सोळा अध्याय मागे पडल्यासारखं होतं आणि माणूस पुस्तकच बंद करतो. राहिलेला दिवस राहू द्यायचा, आजचं आज वाचायचं. सवय लागली की मग प्लॅन.

आयसी_कॉलनी:
मी कॅथोलिक, आमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, पण प्रश्न सगळ्यांचा एकच. आमच्याकडे रोजच्या मिस्साची म्हणजे चर्चमधल्या उपासनेची वाचनं ठरलेली असतात, रविवारची तीन वर्षांच्या चक्राने आणि इतर दिवसांची पहिली वाचनं दोन वर्षांच्या. मी ऑफिसला निघायच्या आधी त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचतो, काय वाचू हा प्रश्नच उरत नाही, आणि तोच उतारा आज वसईत माझी मावशी पण वाचतेय हे मला फार बळ देतं. सोप्या मराठीसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' बघा, त्याला अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, आणि भाषा खरंच आपल्या बोलण्यातली वाटते.

मुलुंड_फास्ट:
सगळ्यांचे मनापासून आभार. बिरुयाचं मी कितीदा ऐकलं असेल पण ते माझ्याच प्रश्नाचं उत्तर आहे हे आज कळलं. ठरलं, मार्क घेते. बसायला मिळालं तर पुस्तक, उभं राहायला लागलं तर कानात ऑडिओ. फक्त एक विचारते, जुन्या करारातल्या लेवीय वगैरे पुस्तकांमध्ये ते यज्ञांचे नियम आहेत ते कधीतरी वाचावेच लागतील का? आणि वाचले तर काय बघायचं त्यात?

एक वर्ष_पूर्ण बायबल:
वाचा, पण अवकाशाने. सिस्टरांचं मान्य, प्लॅन नंतर. लेवीयचा १९ वा अध्याय आधी उघडा, 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे येशूने घेतलं ते तिथूनच, १८ वं वचन. त्याच अध्यायात वर ९ आणि १० मध्ये सांगितलंय की पीक कापताना शेताच्या कडा कापून काढू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांना आणि परक्यांना राहू द्या. मार्क झालं की रूथ घ्या, चारच अध्याय आहेत, तिथे एक परकी विधवा बाई नेमकं तेच धान्य वेचायला शेतात जाते आणि शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की तिच्यासाठी मुद्दाम पेंढ्यांतून थोडं टाकत चला. नियमात होतं त्याहून जास्त तो करतो. यज्ञांच्या अध्यायांसाठी जोडीला इब्री लोकांस पत्र, ९ आणि १० अध्याय वाचा. अडलं की इथेच विचारा.