टिकी २१: बीमला बोल्ट मारू की दोरीच बांधू?

लिफ्टवाला

मंडळी, धागा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी ऑकलंडला लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. त्याआधी अकरा वर्षं चिंचवडला फिटर होतो, त्यामुळे नट-बोल्टवर माझी श्रद्धा आहे. अडीच वर्षांपूर्वी काय डोक्यात आलं, जेम्स वॉरम आणि हानेके बोन या होड्यांच्या डिझायनर जोडीच्या टिकी २१ चे आराखडे मागवले. पॉलिनेशियन (म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांच्या) धाटणीचा कॅटमरान, म्हणजे दोन अरुंद होड्या (त्यांना 'हल' म्हणायचं) शेजारी जोडलेलं शिडाचं जहाज, २१ फूट लांब, १२ फूट रुंद, सगळं प्लायवुड आणि इपॉक्सी या दोन द्रव्यं कालवून वाळणाऱ्या गोंदात. बायकोने एकच विचारलं, "पोहता येतं ना?" येतं. गावच्या विहिरीत शिकलोय.

दोन्ही हल आता तयार आहेत. ६ मिमीच्या मरीन प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, आतल्या कोपऱ्यात लाकडाची भुकटी कालवलेलं इपॉक्सी भरायचं, चमच्याच्या पाठीने त्याला गोलाई द्यायची. ते वाळलं की तारा काढायच्या. लिहायला दोन ओळी लागल्या, करायला दोन वर्षं. पहिल्या हिवाळ्यात इपॉक्सी दिवसेंदिवस चिकटच राहायचं आणि वर मेणचट थर धरायचा. तो थर पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा हात मारायचा नसतो, हे मला पुढचा हात सोलून निघाल्यावर कळलं. उन्हाळ्यात उलटी गत. एकदा हावरटासारखं डबाभर कालवलं आणि फोन घ्यायला आत गेलो. परत येतो तर डब्यातून धूर. तो डबा वितळून गॅरेजच्या फरशीला जो बसलाय तो आजही तिथेच आहे.

आता मुद्दा. हे दोन हल तीन आडव्या बीमवर जोडायचे आहेत आणि आराखडा म्हणतो, दोरीने बांधा. बोल्ट नाही, वेल्डिंग नाही, चक्क दोरी. मला स्टेनलेसचा १२ मिमीचा बोल्ट द्या, टॉर्क (किती जोराने पिळायचा ते) सांगा, मी रात्री निवांत झोपतो. दोरीला टॉर्क किती द्यायचा? शेवटी मी ३१६ स्टेनलेसचे ब्रॅकेट कागदावर काढले, एकाकडून करूनही आणले. आता ते हातात घेऊन उभा आहे आणि भोक पाडायला हात धजत नाही.

कामावर माझा जोडीदार सामोअन आहे. ब्रॅकेटचं चित्र बघून तो खो खो हसला. त्याचे आजोबा म्हणे संध्याकाळी मांडीवर नारळाच्या काथ्याची दोरी वळत बसायचे. 'अफा' म्हणतात तिला. घराचे वासे तिनेच बांधायचे, होडीही तिनेच. ठीक आहे, पण ते त्याचे आजोबा. माझे आजोबा बार्शीला पोस्टमन होते, त्यांनी फक्त पार्सलं बांधली.

कुणी अशी बांधलेली होडी प्रत्यक्ष चालवली आहे का? की कुणी बोल्ट मारून सुखी आहे?

---

तुळई

मी होड्यांमधला नाही, इमारतींमधला आहे. तरी सांगतो. दोरी ताणाखाली हळूहळू लांबते, उन्हाने कुजते आणि बांधणाऱ्याच्या मूडवर तिची ताकद ठरते. मोजता न येणारा जोड मी साइटवर पास करणार नाही. ब्रॅकेट लावा, खाली जाड रबर घाला म्हणजे थोडी लवचीकताही मिळेल. हल वेगवेगळे हलणारच नाहीत इतकं कडक केलं की प्रश्नच मिटला.

---

खारा वारा

तुळईसाहेब, इमारतीखालची जमीन दर पाच सेकंदांनी उठून बसत नाही. होडीखालची बसते.

लिफ्टवाले, मी ब्रिस्बेनजवळ मोर्टन बेमध्ये नऊ वर्षं टिकी २६ चालवतोय. विकत घेतलेली, बांधलेली नाही, त्यामुळे तुमच्या चिकाटीला आधी नमस्कार. आता ते ब्रॅकेट खाली ठेवा.

तिरकी लाट आली की डावा हल नाक वर करतो, त्याच वेळी उजवा खाली बसत असतो. दोघांच्या मधला पीळ बीमवर येतो. जोड कडक असेल तर तो पीळ थेट बोल्टच्या भोकाच्या कडेला जाऊन बसतो. तिथे तुमचं प्लाय आहे, मऊ लाकूड. ते दर लाटेला कणभर चिरडतं. भोक अंडाकृती होतं, पावसाचं पाणी आत उतरतं आणि आतून कुजायला लागतं. (समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं पाणी लाकडाला वाईट, हे लक्षात ठेवा.) बोल्ट स्टेनलेसचा असला तरी ओल्या लाकडात हवा न मिळता अडकून पडला की तोही बारीक खड्डे पडून झिजतो. डोकं बाहेरून चकचकीत, दांडा आतून गेलेला. मी असा एक बोल्ट दुसऱ्याच्या होडीतून काढलाय. पान्याचा अर्धा आटा दिला आणि डोकंच हातात आलं.

दोरी मात्र असं लपवत नाही. झिजली की केस उभे राहतात, नखाने कळतं. मी दर महिन्याला अंगठा फिरवतो, उन्हापासून वर कापडाची पट्टी गुंडाळतो, दर तीन-चार वर्षांनी पूर्ण बदलतो. आख्ख्या होडीची दोरी एका पिशवीत मावते. वॉरमच्या जुन्या डिझाइनमध्ये बोल्टच होते, हे तुळईसाहेबांनी नोंद करावं. माणूस बोल्टकडून दोरीकडे आला.

आता बांधायचं कसं. पॉलिएस्टरची दोरी घ्या, आधीच ताणून दिलेली मिळते ती. नायलॉन अजिबात नको, ते भिजलं की रबरासारखं सुटतं. वेढे एकमेकांशेजारी चापून बसले पाहिजेत, एकावर एक चढले तर वरचा ताणात आणि खालचा ढिला राहतो. प्रत्येक वेढा स्वतंत्र ओढायचा. पण खरी गंमत त्यानंतर. उभे वेढे झाले की त्याच दोरीने त्यांना मधोमध आडवे कंबरपट्टे घालायचे आणि आवळायचे. दोन बोटांनी रबरबँड मध्ये चिमटला की टोकं कशी खेचली जातात, तसं. सगळा ताण या कंबरपट्ट्यातून येतो. तुमचा टॉर्क इथे आहे. बोटाने छेडून बघा, जाड तारेसारखा आवाज आला पाहिजे. पहिल्या फेरीनंतर भिजलेली असतानाच पुन्हा एकदा आवळा.

आणि अहो, तुम्ही लिफ्टवाले ना? रोज माणसं कशावर लटकवता?

हे काही प्रयोग राहिलेले नाहीत. रॉरी मॅक्डूगल नावाच्या इंग्रज पोराने १९९१ ते १९९७ मध्ये तुमच्याच टिकी २१ वर पृथ्वीप्रदक्षिणा केली. हवाईची होकुलेआ, जुन्या पॉलिनेशियन धाटणीची दोन हलांची होडी, १९७५ साली पाण्यात उतरली. तिचे हलही प्लायवुड आणि फायबरग्लासचे आहेत, नारळाचा काथ्या नाही, आजकालची दोरी आहे, पण जोड सगळे बांधलेले. १९७६ च्या मे महिन्यात ती हवाईहून निघाली आणि जूनच्या सुरुवातीला ताहितीला पोचली. वाट दाखवायला मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माउ पियाइलुग होते, ना होकायंत्र ना नकाशा.

पण याच होकुलेआचं दुसरं पान कुणी वाचून दाखवत नाही. १९७८ च्या मार्चमध्ये ती निघाल्यावर काही तासांतच रात्रीच्या वादळी समुद्रात उलटली. मदत आणायला म्हणून एडी ऐकाऊ हा नावाजलेला सर्फर फळीवरून निघाला, तो परत आला नाही. कॅटमरानला खाली शिशाचं वजन नसतं. उलटला की उलटाच राहतो. तेव्हा बीमची काळजी पुरे. वारा वाढल्यावर शीड कधी लहान करायचं, त्याची करा. "लहान करावं का?" असा प्रश्न मनात आला, म्हणजे दहा मिनिटं उशीर झालेला असतो.

---

देवबागचो झील

खारा वारा काकांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त घरचं सांगतो.

आमच्या आजोबांची रापणीची होडी उलांडीची होती. एका बाजूला पांगाऱ्याचा ओंडका, दोन आडव्या काठ्यांवर बांधलेला. दोन हल नव्हेत, एक होडी आणि एक उलांडी, पण जोडाचं दुखणं तेच. आजोबा सुंभ आदल्या रात्री भिजत घालायचे. सकाळी ओंडक्यावर पाय रोवून, दोरी दातात धरून ओढायचे. मी लहानपणी मदत म्हणून जोर लावून आवळायला गेलो तर हातावर चापट बसली. "होडयेक हलाक जागा व्हयी." मग काठी धरून त्यांनी ती जरा हलवून दाखवली. दोरीतून बारीक करकर आली, ओंडका जागचा हलला नाही. एवढीच ढील हवी होती त्यांना.

पुढे चुलत्याने हौसेने नायलॉनची दोरी आणली. सुकी असताना टणक. दुपारी परत येईपर्यंत उलांडी दारूड्यासारखी झुलत होती. आजोबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

बाकी, कॅटमरान हा शब्दच तमिळ 'कट्टुमरम'वरून गेलाय. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. तमिळ किनाऱ्यावरचा तो तराफा, त्याचा पॉलिनेशियाशी संबंध नाही, गोऱ्या साहेबांनी नाव भलत्याच होडीला चिकटवलं. पण लिफ्टवाले भाऊ, तुमच्या होडीच्या नावातच 'बांधलेली' आहे, बोल्ट कुठून आणताय?

---

तुळई

बोल्ट झिजण्याचा मुद्दा मान्य. पण मोजता न येण्याचा माझा मुद्दा कुणी खोडला नाही. छेडून आवाज ऐकणे ही चाचणी मी कागदावर कशी लिहू?

---

खारा वारा

तबलजीला विचारा.

---

लिफ्टवाला

तीन आठवड्यांनी येतोय, माफी.

बांधली. एकूण दोन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी बांधलेलं सगळं सोडून दुसऱ्या शनिवारी पुन्हा बांधलं, कारण वेढे एकावर एक चढले होते. सामोअन जोडीदार आला होता. त्याने एक शब्द न बोलता माझी दोरी सोडली आणि माझ्याकडे परत दिली, तीनदा. कंबरपट्टे आवळायला हँडल हवं होतं, तर माझा टॉर्क पानाच दोरीत अडकवून पिळला. चिंचवडहून आणलेला आहे, इतका अपमान त्याचा कधी झाला नसेल.

मागच्या रविवारी पाण्यात उतरवली. वारा बेताचा, शीड तरीही अर्धंच ठेवलं (काका, वाचलं होतं). एका मोठ्या फेरीबोटीची लाट तिरकी आली. पुढच्या बीमवर हात ठेवून बसलो होतो. डावा हल वर गेला, उजवा गेला नाही, आणि हाताखाली बीम किंचित फिरला, कूस बदलल्यासारखा. माझ्या पोटात गोळा. जोडीदार संत्रं सोलत होता, त्याने मान वर केली नाही. परत आल्यावर ओल्या दोऱ्या आवळल्या, जेमतेम बोटभर ढील निघाली.

एकच तक्रार. मधला बीम प्रत्येक लाटेला कुईं कुईं करतो. दोरी नाही, बीम जिथे हलवर टेकतो तिथला आवाज आहे. रंगही निघायला लागलाय. काय करू?

---

खारा वारा

लाकडावर लाकूड घासतंय. मध्ये चामड्याचा तुकडा घाला, जाड बघून. रबर घालू नका, पाणी धरून ठेवतं.

---

लिफ्टवाला

बायकोची जुनी पर्स मिळाली आहे. विचारून घेतली.