‘सहात एक’ की ‘सहास एक’? चिनी कांस्यातला ‘जिन’

प्रश्न : ‘काओगोंगजी’ या कारागिरीवरच्या प्राचीन चिनी ग्रंथात कांस्याची सहा प्रमाणे आहेत. घंटा आणि ‘दिंग’ (पायांचे यज्ञपात्र) यांसाठी ‘जिनचे सहा भाग, कथील एक’. ‘जिन’ला मराठीत काय म्हणावे? कोशात ‘सोने’ मिळते.

१ : इथे सोने नाही. त्या काळी ‘जिन’ धातूला, विशेषतः तांब्या-कांस्याला म्हणत. अडते ते पुढे: जिन म्हणजे निव्वळ तांबे की ओतायचा मिश्रधातू? मराठीत हा फरक एका प्रत्ययात मावतो. मिश्रधातू धरला तर ‘सहात एक’, म्हणजे कथील १६.७ टक्के. तांबे धरले तर ‘सहास एक’: सहा भाग तांबे, वर एक भाग कथील, म्हणजे १४.३ टक्के. तेव्हा भाषांतरात प्रत्यय जपून लावा.

२ : माझे मत ‘सहास एक’. ग्रंथातले मोठ्या पात्यांचे प्रमाण बघा: ‘जिनचे तीन भाग, कथील एक’. ‘तिनात एक’ घेतले तर ३३ टक्के कथील होते; असे पाते काचेसारखे तडकेल. ‘तिनास एक’ धरूनही २५ येतात. तेही ठिसूळच, पण निदान विचार करण्याजोगे. कथील वाढले की धातू कठीण होतो, पांढरट दिसतो आणि लवचीकपणा गमावतो. आरशाला ठिसूळपणा चालतो, तलवारीला नाही.

३ : चीनमधल्या आन्यांग शहराजवळ १९३९ साली सापडलेल्या ८३२.८४ किलोच्या होउमूवू दिंगमध्ये कथील ११.६४ आणि शिसे २.७९ टक्के आहे. बेरीज १४.४३, म्हणजे ‘सहास एक’च्या अगदी जवळ.

२ : बेरीज मोहात पाडते खरी. पण ते दिंग शांग राजघराण्याच्या काळातले, ग्रंथाहून कित्येक शतके जुने. शिवाय शिसे कथलाचे काम करत नाही: धातू कठीण होत नाही, फक्त रस पातळ होऊन साच्याच्या बारीक नक्षीत नीट उतरतो. त्यामुळे हा पुरावा मी धरणार नाही.

४ : आणखी एक शब्द. ‘प्रगलन’ लिहू नका. ते खनिजातून तांबे काढणे; हूपेइ प्रांतातल्या तोंगल्यूशानसारख्या खाणींजवळ चाले. इथे तयार तांबे आणि कथील मुशीत वितळवायचे आहे. कधी ओतायचे, हे ग्रंथ ‘ची’च्या रंगावरून सांगतो: आधी काळी गढूळ, मग पिवळट पांढरी, मग निळसर पांढरी, शेवटी नुसती ‘छिंग’. ती दिसली की ओतावे. ‘ची’ला इथे ‘वाफ’ म्हणू नये, ‘ज्वाळा-धूर’ बरे. आणि ‘छिंग’ निळ्या-हिरव्याच्या मधला रंग. ‘मोरपंखी’ त्याच्या सर्वांत जवळ जातो.